रोजचा एक रत्तल पाव

इसवी सन ३२४ च्या जून महिन्यात इजिप्तमधल्या कारानिस गावच्या इसिदोरस नावाच्या शेतकऱ्याने अधिकाऱ्यांकडे एक तक्रारअर्ज केला. शेजाऱ्यांची गाय त्याच्या पिकात पुन्हा पुन्हा घुसत होती. शेवटी त्याने ती धरली आणि गावाकडे न्यायला निघाला. वाटेत गायवाले दंडुका घेऊन आडवे आले, त्याला लोळवून बेदम मारलं आणि गाय सोडवून नेली. अर्जात तो म्हणतो की देवळातला सेवक अंतोनिनस आणि संन्यासी इसहाक तिथे येऊन पोचले नसते, तर आपला जीवच गेला असता. पपायरसवरचा हा अर्ज इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकून राहिला. ख्रिस्ती संन्याशाचा तारीख असलेल्या कागदावर सापडलेला हा सर्वांत जुना उल्लेख मानतात.

इसहाक हा गुहेत बसलेला नव्हता. तो गावात राहत होता, गावकरी त्याला नावाने ओळखत होते, आणि गुराढोरांच्या भांडणात तो मधे पडत होता. घरसंसार, मालमत्ता, चवीढवी सोडून देवाच्या मागे लागणारी अशी माणसं तेव्हा इजिप्तच्या गावांमधून असत. बहुतेक गावाच्या कडेला एखाद्या खोपटात राहत. वाळवंट नंतर आलं, आणि ते जगप्रसिद्ध झालं ते मुख्यतः एका पुस्तकामुळे.

ते पुस्तक म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने लिहिलेलं अंतोनीचं चरित्र. अंतोनी ३५६ मध्ये वारला, वयाच्या १०५ व्या वर्षी असं चरित्र सांगतं, आणि त्यानंतर लवकरच ते लिहिलं गेलं. मध्य इजिप्तमधल्या खात्यापित्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा हा मुलगा. आईबाप गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा. मागे राहिली एक धाकटी बहीण आणि ३०० अरूरा उत्तम जमीन, म्हणजे आपल्या मापाने २०० एकरांच्या आसपास. नाईलच्या खोऱ्यात इतकी जमीन म्हणजे मोठंच घर. सहाएक महिन्यांनी तो देवळात शिरला तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानाचं वाचन चालू होतं. येशूने श्रीमंत तरुणाला सगळं विकून गोरगरिबांना द्यायला आणि आपल्यामागे यायला सांगितलं, तो भाग. अंतोनीला ते थेट आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटलं. बाहेर पडून त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, घरातल्या चीजवस्तू विकून पैसा वाटला. बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं. पुढे एकदा देवळात उद्याची चिंता न करण्याविषयीचा भाग ऐकला, तेव्हा तेही देऊन टाकलं आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केलं.

त्या बहिणीला कुणी विचारलं का? चरित्रकार त्यावर काही बोलत नाही. हा प्रश्न पुढेही येणार आहे.

अंतोनी आधी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या विरक्ताकडे शिकला, मग गावाबाहेरच्या थडग्यात राहिला, आणि नंतर नाईलपलीकडच्या एका पडक्या किल्ल्यात जवळजवळ वीस वर्षं कोंडून घेऊन राहिला. वर्षातून दोनदा लोक वरून वाळवलेले पाव आत टाकत. ३०५ च्या सुमारास मंडळींनी दार तोडून त्याला बाहेर आणलं. त्या प्रसंगाचं अथानासियसने केलेलं वर्णन मला सगळ्या चरित्रात महत्त्वाचं वाटतं. लोकांना अपेक्षा हाडाच्या सापळ्याची; समोर आला तो पूर्वीसारखाच दिसणारा माणूस. ना सुटलेला, ना खंगलेला. गर्दी पाहून तो बावरला नाही आणि मानसन्मानाने हुरळलाही नाही. चरित्रकाराला इथे शरीराची हार दाखवायची नव्हती. हा माणूस ताळ्यावर आहे, हे त्याला दाखवायचं होतं.

लोक वाळवंटात का गेले, याचं शाळकरी उत्तर असं: ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, हुतात्मा होण्याची सोय राहिली नाही, म्हणून उत्साही मंडळींनी उपासमारीचं हौतात्म्य शोधलं. या उत्तरात तथ्य आहे, पण अंतोनीने जमीन वाटली ती २७० च्या सुमारास, छळ थांबण्याच्या चाळीसेक वर्षं आधी. दुसरं एक कारण जास्त मातीतलं आहे. त्या काळात इजिप्तचा कुणबी कराने पिचलेला होता. सारा आणि वेठबिगार असह्य झाली की माणसं रातोरात घर सोडून पळत, आणि पळायला जवळची जागा म्हणजे वाळवंट. इजिप्तमध्ये ते दूर नसतंच. हिरवं शेत जिथे संपतं तिथे पुढच्या पावलाला रेती सुरू होते. तेव्हा गाव सोडून रेतीत जाणारा माणूस हे दृश्य लोकांच्या परिचयाचं होतं. नवीन होतं ते इतकंच, की आता जाणारे करबुडवे नव्हते आणि काहींच्या नावावर २०० एकर होते.

चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला तीन मोठ्या वसाहती झाल्या होत्या: नित्रिया, केलिया आणि स्केतिस. स्केतिस म्हणजे आजचं वादी नत्रून, जिथे खाऱ्या तळ्यांमधून सोड्यासारखा क्षार निघतो. तिथली वसाहत सुरू करणारा मॅकेरियस हा पूर्वी त्याच क्षाराची उंटांवरून वाहतूक करायचा. म्हणजे आजूबाजूची वाट, पाणी, लुटारू सगळं त्याला ठाऊक. संत होण्याआधी माणसाला परिसराची माहिती असलेली बरी.

नित्रियाचं वर्णन पॅलाडियस या लेखकाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला केलं आहे. तो स्वतः तिथे राहिला होता. त्याच्या मते तिथे ५,००० माणसं होती. आकडा फुगवलेला असेल, पण त्यांच्यासाठी सात भट्ट्या पाव भाजत होत्या हे तो सांगतो, आणि असा तपशील कुणी उगाच रचत नाही. वैद्य होते, मिठाई करणारे होते, दारूही विकत मिळायची. देवळासमोर तीन खजुरीची झाडं आणि प्रत्येकावर एकेक चाबूक टांगलेला: एक चुकणाऱ्या संन्याशांसाठी, एक दरोडेखोरांसाठी, एक आगंतुक भामट्यांसाठी. शेजारी पाहुण्यांची धर्मशाळा. तिथे कुणीही राहावं, दोन-तीन वर्षं राहिला तरी हरकत नाही. मात्र पहिला आठवडा बसून खायचं. पुढे बाग, भट्टी नाहीतर मुदपाकखाना. शिकलेला पाहुणा असला तर त्याच्या हाती पुस्तक द्यायचं, आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलू द्यायचं नाही.

ज्याला हा गजबजाटही नको, त्याच्यासाठी केलिया. परंपरा सांगते की जागा ठरवायला अंतोनी आणि नित्रियाचा संस्थापक आमून दुपारचं जेवण उरकून चालू लागले, आणि सूर्य मावळला तिथे क्रूस रोवला. हिशेब असा की नित्रियातल्या माणसाने दुपारी जेवून निघावं आणि अंधार पडायच्या आत इथल्या भावाकडे पोचावं. एकांताची जागा निवडतानाही भेटीगाठीची सोय आधी पाहिली होती. केलियातल्या खोल्या एकमेकींचा आवाज पोचणार नाही इतक्या लांब. आठवड्याचे पाच दिवस प्रत्येक जण आपापल्या खोलीत, शनिवार-रविवारी सगळे देवळात आणि पंगतीला.

आता सुखसोयी सोडल्या म्हणजे नेमकं काय सोडलं? पुष्कळांचं रोजचं खाणं म्हणजे वाळवलेले छोटे दोन पाव, मिळून एक रोमन रत्तल, आजचे सव्वातीनशे ग्रॅम. ते दगडासारखे असत, म्हणून पाण्यात भिजवायचे, मीठ लावायचं आणि दुपारी तिसऱ्या प्रहरी, दिवसातून एकदा, खायचे. थोडं तेल, कधी भाजी. मांस नाही, दारू बहुधा नाही. निजायला जमिनीवर चटई. झोप कमी. लग्न नाही. आपल्याकडच्या एकभुक्ताशी हे बरंच मिळतं. उपाशी माणसाचं हे खाणं नव्हे, गरीब शेतमजुराचं आहे. आणि हा पाव बहुतेक जण विकत घेत, भिक्षा मागून आणत नसत. आपल्या परंपरेतल्या संन्याशापेक्षा हे लोक इथे स्पष्ट वेगळे पडतात. माधुकरी त्यांच्याकडे नव्हती. खजुरीच्या पात्या भिजवायच्या, त्यांच्या चटया-टोपल्या विणायच्या, दोर वळायचे, ते बाजारात द्यायचे, त्यातून पाव घ्यायचा आणि उरलं ते वाटायचं. सुगीत कित्येक जण नाईलकाठच्या शेतांवर मजुरीने कापणीला जात. आर्सिनोए भागातल्या मठांमधून तर मजुरीचं धान्य होड्या भरून अलेक्झांड्रियाच्या गरिबांसाठी रवाना होई.

विणकामाचा उपयोग केवळ पोटापुरता नव्हता. पौल नावाचा एक अब्बा (वडीलधाऱ्या संन्याशाला अब्बा म्हणत, बाईला अम्मा) बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर राहायचा. टोपल्या तिथवर न्यायचं भाडंच त्यांच्या किमतीपेक्षा जास्त. तरी तो वर्षभर विणायचा. गुहा भरली की वर्षाअखेरीस सगळ्या टोपल्या जाळून टाकायचा आणि नव्याने विणायला घ्यायचा. हात रिकामे राहिले की मन भटकतं, हे त्याचं म्हणणं. मला ही गोष्ट आवडते आणि खटकतेही. त्या टोपल्या जवळपासच्या कुणाला फुकट देता आल्या नसत्या का? पण सात दिवसांच्या वाटेत जवळपास कुणी नसावं.

जास्तीत जास्त सोडणारा तो सगळ्यांत मोठा, असा हिशेब तिथे काही लोक करतच होते. कुणी दोन दिवसांनी खायचा, कुणी आठवड्याने, आणि चर्चा व्हायची. पण जाणत्यांचा कल सातत्याने उलट दिसतो. पोएमेन या प्रसिद्ध अब्बाला विचारलं की तुम्हीही तरुणपणी तीन-चार दिवस उपाशी राहत होता ना? तो म्हणाला, आठवडासुद्धा राहिलो. जुन्यांनी हे सगळं करून पाहिलं, आणि शेवटी रोज थोडं खाणं बरं, असं त्यांना आढळलं. अलेक्झांड्रियाच्या धनाढ्य घरातली अम्मा सिंक्लेतिका तर सांगायची की प्रमाण सोडलेली तपश्चर्या सैतानाकडूनच येते. देवाची कोणती आणि सैतानाची कोणती हे ओळखायची तिची खूण म्हणजे प्रमाण.

प्रमाणाची दुसरी कसोटी होती पाहुणा. स्केतिसमध्ये एकदा पूर्ण आठवड्याच्या उपवासाचं फर्मान निघालं. नेमके तेव्हाच अब्बा मोशेकडे पाहुणे आले. हा मोशे काळा आफ्रिकी, पूर्वायुष्यात नोकरीतून हाकललेला दरोडेखोर, अंगापिंडाने दांडगा. त्याने चूल पेटवून भाजी शिजवली. शेजाऱ्यांनी धूर पाहिला आणि वरिष्ठांकडे चुगली केली. वरिष्ठ मोशेला ओळखून होते. काही बोलले नाहीत. शनिवारी सगळे जमल्यावर त्यांनी सर्वांसमोर त्याला शाबासकी दिली: माणसांची आज्ञा मोडलीस, पण देवाची पाळलीस. उपवास माझा, हवा तेव्हा पुन्हा धरता येतो. पाहुण्याला जेवू घालणं आत्ताच करावं लागतं. असा हा विचार.

सुख आणि कष्ट मोजायचे कशाने, यावर सगळ्यांत चांगली गोष्ट आर्सेनियसची आहे. हा सम्राट थिओडोसियसच्या दरबारातला, सम्राटाच्या दोन्ही मुलांचा शिक्षक. ती मुलं पुढे पूर्वेची आणि पश्चिमेची सम्राट झाली. ३९४ च्या सुमारास तो दरबार सोडून स्केतिसला आला. त्याच्या खोलीत पात्या भिजवायचं पाणी कुजायचं, पण वर्षातून एकदाच ते बदलायचा. दरबारात इतकी वर्षं अत्तरं हुंगली, त्याची ही फेड म्हणायचा. म्हातारपणी तो आजारी पडला तेव्हा तिथल्या धर्मगुरूने त्याला देवळाजवळ आणून गादीवर झोपवलं, उशाला उशी दिली. भेटायला आलेल्या एका वृद्ध संन्याशाला ते पाहून धक्काच बसला. अब्बा आर्सेनियस, आणि गादीवर? धर्मगुरूने त्याला बाजूला घेऊन विचारलं, तू इथे येण्याआधी काय करायचास? तो म्हणाला, मेंढपाळ होतो. कसा राहायचास? फार हाल. आणि आता खोलीत कसा आहेस? आता निवांत आहे. मग धर्मगुरूने सांगितलं: हा माणूस सम्राटांचा वडील होता, सोन्याचे पट्टे बांधलेले हजार गुलाम त्याच्या तैनातीला उभे असायचे, अंगाखाली उंची गालिचे. तू हालातून सुखात आलास, तो सुखातून इथे आला. म्हातारा मेंढपाळ पाया पडला आणि क्षमा मागून गेला.

त्यागाविषयीचं बरंचसं धार्मिक लेखन या एका गोष्टीपुढे मला कोतं वाटतं. मेंढपाळाला वाळवंटात चढती मिळाली होती: दोन वेळची भ्रांत नाही, डोक्यावर छप्पर, वर मान. आपल्याकडे 'साधी राहणी' म्हणून जे गौरवलं जातं त्यातही हे तपासायला हरकत नाही. ज्याच्याकडे सोडायला काही होतं त्याचं सोडणं दिसतं. ज्याच्याकडे नव्हतंच, त्याच्या तेवढ्याच कोरड्या पावाला कुणी तप म्हणत नाही.

वस्तू सोडल्यावर मागे काय उरतं, याचा सगळ्यांत बारकाईने अभ्यास केला तो एव्हाग्रियसने. काळ्या समुद्राच्या बाजूचा पोंतस हा त्याचा प्रांत. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो उगवता विद्वान वक्ता होता. तिथे एका सरदाराच्या बायकोच्या प्रेमात पडला, पळून जेरुसलेमला आला, तिथेही छानछोकीत रमला, मग महिनोन् महिने तापाने पडला. मेलानिया या रोमन उमराव घरातल्या बाईने, जी स्वतः संपत्ती सोडून जेरुसलेमला मठ चालवत होती, त्याला वाळवंटाचं वचन द्यायला लावलं. ३८३ च्या सुमारास तो नित्रियाला आला, मग केलियात १४ वर्षं राहिला आणि तिथेच ३९९ मध्ये वारला. पोटासाठी तो ग्रंथांच्या नकला करायचा.

एव्हाग्रियसने मनात येणाऱ्या वाईट विचारांचे आठ प्रकार लिहून काढले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळ्याने येणारी मरगळ, कीर्तीची हाव आणि गर्व. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने या यादीत फेरफार करून ती सातवर आणली, आणि युरोपात सात महापापं म्हणून प्रसिद्ध झाली ती हीच. पण पापांची यादी करणारा एव्हाग्रियस आणि नंतरचे उपदेशक यांच्यात फरक आहे. त्याला शिक्षेत रस नव्हता. विचार कसा शिरतो, कुठल्या वेषात येतो, हे त्याला पाहायचं होतं.

त्याचा खादाडपणा पाहा. आपल्याला वाटेल पक्वान्नांची स्वप्नं असतील. छे! त्या विचाराचा वेष प्रकृतीच्या काळजीचा. इतकं कमी खाल्लं तर पोट बिघडेल, यकृत जाईल, प्लीहा वाढेल, जलोदर होईल, आणि इथे धड वैद्य नाही, असं तो संन्याशाच्या कानाशी लागतो. मग अमुक भाऊ कसे आजारी पडले ते आठवून देतो. लोभही तसाच. तो सोन्याची नाणी दाखवत नाही. तो लांबलचक म्हातारपण दाखवतो, कामाला नकार देणारे हात, दुष्काळ, आजारपण, दुसऱ्यापुढे पदर पसरण्याची लाज. विमा विकणाऱ्याने वाचावा असा हा उतारा आहे. त्याच्या मते माणूस ऐषारामाला चिकटतो ते बहुतेकदा भीतीने. चैनीची हौस त्यात फार थोडी.

दुपारची मरगळ हा त्याचा सर्वांत गाजलेला प्रकार. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात ती येते. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीकडे पाहतो, बाहेर जाऊन जेवायला किती वेळ आहे ते बघतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे डोकावतो. मग ही जागा नकोशी होते, हा व्यवसाय नकोसा होतो, इथे कुणाला आपली कदर नाही असं वाटतं, आणि देव काय कुठेही भजता येतो, असा युक्तिवाद सुचतो. या विचाराने पछाडलेला माणूस दुसरीकडे जाऊन कष्ट करायलाही तयार असतो. फक्त इथून उठायचं असतं. यावर त्याचा उपाय साधा, बसून राहा.

सगळ्यांत चिवट मात्र शेवटचे दोन. त्यातही कीर्तीची हाव, कारण ती चांगल्या गोष्टींवरच वाढते. उपवास केला की ती येते, उपवास लपवला की लपवल्याबद्दल येते. कोरडा पाव खाणारा माणूस स्वतःच्या कोरड्या पावावर खूश होऊ लागला की त्याने सोडलेले २०० एकर त्याला वेगळ्या चलनात परत मिळाले.

हे चलन पुढे बाजारात आलंही. केलियात विद्वान संन्याशांचा एक गट होता, एव्हाग्रियसच्या विचारांचा. ३९९-४०० मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस त्यांच्यावर उलटला. खोल्या जाळल्या गेल्या, माणसं परागंदा झाली. एव्हाग्रियस नुकताच वारला होता म्हणून सुटला. त्यानंतर ४१५ च्या सुमारास नित्रियाचे सुमारे ५०० संन्यासी बिशप सिरिलच्या बाजूने शहरात उतरले, त्यांनी रोमन सुभेदार ओरेस्तिसला रस्त्यात गाठलं, आणि एकाने मारलेला धोंडा त्याच्या डोक्यात लागला. त्याच वर्षी ख्रिस्ती जमावाने हायपेशिया या गणिती-तत्त्वज्ञ बाईला ठार मारलं. तो जमाव संन्याशांचा होता असं नाही, पण शहरातलं वातावरण तापवण्यात नित्रियाच्या मंडळींचा हात होता हे ख्रिस्ती इतिहासकार सॉक्रेटिसच्या हकीकतीवरूनच दिसतं. मांसाहार सुटला, बिछाना सुटला, पक्षाभिमान सुटला नाही. एव्हाग्रियसच्या यादीत राग पाचवा आहे, आणि खाणंपिणं सोडलं म्हणून तो सुटतोच असं नाही.

आता तो बहिणीचा प्रश्न. चरित्रात अंतोनी म्हातारपणी बहिणीला भेटतो. ती व्रतस्थ राहून इतर कुमारिकांची प्रमुख झालेली असते, आणि त्याला आनंद होतो. शेवट गोड. पण नित्रियाच्या आमूनचं पाहा. चुलत्याने जबरदस्तीने लग्न लावलं. पहिल्याच रात्री त्याने बायकोला ब्रह्मचर्याचा उपदेश केला, आणि अठरा वर्षं दोघं तसे एका घरात राहिले. शेवटी वेगळं होण्याचा विषय तिनेच काढला असं पॅलाडियस सांगतो. तिचं नाव त्याने दिलेलं नाही. कुटुंबवत्सल माणसाने त्याग केला की त्याचा अर्धा खर्च घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर पडतो, आणि त्या दुसऱ्या माणसाची बाजू क्वचितच लिहिली जाते.

मराठीत मात्र ती लिहिली गेली आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली, साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताच्या अनुयायांनी कुठल्या मिशनच्या पगारावर नव्हे, तर आपल्या मातीतल्या भक्तांसारखं राहावं, अशी ती कल्पना. मे १९१९ मध्ये ते वारले, त्यामुळे प्रयोग पुरता रुजायला वेळच मिळाला नाही. टिळकांच्या विरक्तीची थोरवी सांगणारे पुष्कळ. पण हातातलं देऊन टाकणाऱ्या, मनात आलं की उठून जाणाऱ्या नवऱ्याचा संसार म्हणजे काय, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि ते कडवटपणे नाही, हसतहसत आहे. वाळवंटातल्या सगळ्या चरित्रांत मिळून मला लक्ष्मीबाईंसारखं एक पान सापडलं नाही. आमूनच्या बायकोला लिहिता येत असेल का कोण जाणे.

वाळवंटातली ही जीवनपद्धती पुढे दोन वाटांनी पसरली. एक पाखोमियसची. सैन्यातून सुटलेल्या या माणसाने ३२० नंतर लवकरच दक्षिण इजिप्तमध्ये तबेन्निसीला एकत्र राहण्याचा मठ काढला: तटबंदी, एक पंगत, कामाची वाटणी, नियमपुस्तक. बायकांचाही मठ निघाला, आणि त्याची प्रमुख झाली पाखोमियसची बहीण मरियम. दुसरी वाट योहान कॅसियनची. हा स्केतिसमध्ये राहिलेला संन्यासी फिरत फिरत आजच्या फ्रान्समधल्या मार्सेलला पोचला आणि ४१५ नंतर तिथे बसून त्याने अब्बांच्या शिकवणीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिले. ते वाचून इटलीतल्या बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपला नियम रचला. त्यात दारूबद्दलचा भाग गमतीचा आहे. दारू संन्याशांसाठी नव्हेच असं आम्ही वाचतो, पण आजकालच्या संन्याशांना ते पटवणं शक्य नाही, तेव्हा निदान तर्र होऊ नये, असं म्हणून तो दर माणशी रोजचं पाव लिटरच्या आसपास माप ठरवून देतो. पावाचं माप तेवढंच ठेवतो: एक रत्तल.

केलियात मात्र उलटा प्रवास झाला. ही वसाहत रेतीखाली गेलेली होती. १९६४ मध्ये फ्रेंच अभ्यासक आंत्वान गियोमोंने तिची जागा निश्चित केली, आणि पुढे फ्रेंच व स्विस पथकांनी उत्खनन केलं. दीड हजारांच्या आसपास निवासांच्या खुणा मिळाल्या. सहाव्या ते आठव्या शतकातली ही घरं पाहिली तर अंगण, विहीर, बाग, स्वयंपाकघर, शौचालय, पाहुण्यांची खोली, गिलावा केलेल्या भिंती आणि त्यांवर रंगवलेले सुबक क्रूस. कुणी एका दिवशी ठरवून हे बांधलं नसणार. दर पिढीत एखादी खोली, एखादी भिंत वाढली असावी, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी चांगलं कारण असणार, बहुधा प्रकृतीचं नाहीतर पाहुण्यांचं.

अंतोनीचं नाव आपल्याकडेही आहे, फक्त ते वळसा घेऊन आलं. १२२० मध्ये पोर्तुगालमधल्या कोइंब्राला फर्नांदो नावाचा तरुण धर्मगुरू फ्रान्सिस्कन संघात गेला. ज्या आश्रमात गेला तो इजिप्तच्या अंतोनीच्या नावाचा होता, म्हणून त्यानेही तेच नाव घेतलं. हाच पुढे पाडुआचा संत अंतोनी. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आणि वसईत आला. शिवोलीचं देऊळ त्याचंच, १३ जूनचा सण त्याचाच, आणि घरोघरचे आंतोन, आंतोनी, अँथनी त्याच्याच नावाचे. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून लोक ज्याला साकडं घालतात, त्याचं नाव मुळात सगळं देऊन टाकलेल्या माणसाचं आहे. अंतोनीची स्वतःची आठवण चर्चमध्ये १७ जानेवारीला करतात. आपल्याकडे तिचा फारसा गाजावाजा नसतो.

वादी नत्रूनमध्ये चार मठ अजून चालू आहेत. कैरो-अलेक्झांड्रिया महामार्ग त्यांच्या जवळून जातो. मॅकेरियसच्या मठात १९६९ मध्ये मोजके संन्यासी उरले होते. तेव्हा मत्ता एल-मस्कीन नावाचा संन्यासी आपल्या बारा शिष्यांसह तिथे आला. हा मूळचा औषधविक्रेता, चांगला चाललेला धंदा १९४८ मध्ये विकून मठात गेलेला. पुढच्या काही वर्षांत तिथे शंभरावर संन्यासी झाले, आणि मठाने रेतीत शेती केली, गोठे बांधले, छापखाना घातला. कोप्टिक ख्रिस्ती आजही वर्षातले दोनशेहून अधिक दिवस मांस-दूध-अंडी वर्ज्य करून उपवास पाळतात, त्यामुळे मठातलं दूध आणि मठातला उपवास यांचा मेळ घालणं हे तिथल्या भांडारी संन्याशाचं रोजचं काम असणार.